गडावर पाणी कोण सोडायचं?

सातवीच्या वर्गात पहिल्या तासाला चार मुली नसत. दुसऱ्या तासाची घंटा झाली की चौघी एकत्र येत, दारात थांबत आणि कोणी काही म्हणायच्या आत मागच्या बाकांवर जाऊन बसत. सलवारीचे पाय भिजलेले असत. पहिला तास इतिहासाचा होता. वर्गशिक्षक मीच असल्यामुळे हजेरीही मीच घेत होतो आणि त्या चौघींपुढे रोज गैरहजेरी मांडत होतो.

शाळा जुन्नरहून मढकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. पाचवी ते दहावी, संस्थेची. आठवीला तिथे दोन तुकड्या पडतात. एकीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, तिला गाव ‘सेमी’ म्हणतं. दुसरीत उरलेली मुलं बसतात. सेमीसाठी मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या, गणिताचे गुण आणि हजेरी. पहिल्या तासाला जो नाही तो दिवसभर नाही, असा त्यांचा नियम. त्या चौघींतली एक मुलगी गणितात वर्गात पहिली होती. तिला सेमी हवी होती आणि हे ती विचारलं नसतानाही सांगत असे. त्या हजेरीवर तिला सेमी मिळणार नव्हती.

गणेशोत्सवाच्या सुमारास तिची आई शाळेत आली. कामावरून आली होती. हातांना टोमॅटोच्या झाडांचा हिरवा-काळा राप होता. बसा म्हटलं तर बसली नाही.

“सर, टाका की पोरीची हजेरी. कोण बघाया बसलंय?”

“ती वर्गात नसते.”

“नसती म्हंजे काय मजा मारीत असती व्हय? पाणी भरती.”

“पाणी किती वाजता येतं?”

“साडेधाला. तुमची घंटा वाजती ना, तवाच. मी आठला वावरात जाते, मालक थांबत नाय. पोरगीनं नाय भरायचं तर कुनी भरायचं? तुमी येता?”

नसलेल्या मुलीला हजर दाखवता येणार नाही, असं मी सांगितलं.

“इतिहास शिकवता का चौकी चालवता?” असं म्हणून ती गेली.

शिक्षक होण्याआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या जिल्हा पानावर होतो. ते पान बंद झालं आणि जुनी बी.एड. उपयोगी पडली. बातम्यांच्या टेबलावर एक गोष्ट अंगवळणी पडते. ऐकलेलं छापायचं नसतं, जाऊन बघायचं असतं. मी जाऊन बघितलं. गावाच्या वर टेकडीवर टाकी आहे. टाकीतून तीन लाइनी निघतात, प्रत्येकीला एक व्हॉल्व्ह. पाणी सोडणारा माणूस पहाटे वरच्या आळीचं पाणी सोडतो, मग बाजारपेठेचं, आणि सगळ्यांत शेवटी ओढ्याकडच्या खालच्या वस्तीचं. खालच्या वस्तीत कोण राहतं हे लिहायला नको. ओढ्याच्या खालच्या अंगाला कोण राहतं हे आपल्याकडे गावोगाव ठरलेलं आहे. वेळा पाणीपुरवठा समितीने ठरवल्या होत्या. समितीचे अध्यक्ष आणि शाळेच्या स्थानिक समितीचे अध्यक्ष एकच होते.

मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं. ते वेळापत्रकाच्या तक्त्यावर पट्टीने रेघा मारत होते. मान वर केली नाही.

“तो ग्रामपंचायतीचा विषय आहे,” ते म्हणाले. “आपला विषय काय?”

“इतिहास आणि नागरिकशास्त्र.”

“मग तो शिकवा. आणि जरा वह्यांत लिहून द्या मुलांना. पालक विचारतायत.”

पालक विचारत होते हे खरं होतं. सातवीच्या वह्या कोऱ्या होत्या. मी फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून देत नसे. जूनमध्ये तास सुरू असताना दोन मुलांना मी आधी सांगून ठेवून भांडायला लावलं. एकाने दुसऱ्याची कंपासपेटी खिडकीबाहेर फेकली. मग सगळ्या वर्गाला जे पाहिलं ते लिहायला सांगितलं. कोणाच्या कागदात पेटी निळी होती, कोणाच्यात लाल. पहिला फटका कोणी मारला यावर वर्ग दोन तटांत फुटला. फुटला तो वाडीवार फुटला. ज्या वाडीचा मुलगा, ती वाडी त्याच्या बाजूने. इतिहासाची साधनं या पाठासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. पण त्याच संध्याकाळी एका मुलाचे वडील आले आणि शाळेत मारामाऱ्या शिकवतात अशी लेखी तक्रार देऊन गेले.

शेजारच्या वर्गात गणिताचे सर असत. त्यांचे तास शांत असत. ते वरच्या आळीतले, आणि अध्यक्षांच्या बायकोचे सख्खे भाऊ. माझ्या वर्गातला गोंगाट वाढला की ते मधल्या भिंतीवर डस्टर आपटत. शिक्षकांच्या खोलीत ते मला ‘संपादक’ म्हणत. “काय संपादक, आज कुठली लढाई छापली?” बाकीचे हसत. मला त्यांच्याविषयी प्रेम नव्हतं, त्यांना माझ्याविषयी नव्हतं.

सातवीचा इतिहास वर्षभर स्वराज्याचा असतो. आमच्या मुलांना त्यातलं शिकवायला काही उरलेलं नसतं, अशी त्यांची समजूत असते. शिवनेरी डोळ्यांसमोर, दर वर्षी ज्योत आणायला गडावर जाणं. तोफा, दरवाजे, बुरूज त्यांना पाठ. मी एकदा विचारलं, गडावर एवढी माणसं राहत होती, तर ती पाणी कुठलं प्यायची? टाक्यांचं, असं लगेच उत्तर आलं. मग कोण भरायचं, असं मी विचारलं. एक मुलगा म्हणाला, “सर, त्यांना तहान नसायची, ते लढायचे.” तो विनोद करत नव्हता.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ मी वेगळा दिला. आपल्याकडे दिवाळीत मुलं अंगणात मातीचा किल्ला करतातच. गटागटाने किल्ला करा म्हटलं, अट एकच. किल्ल्यावर जेवढी माणसं ठेवाल, त्यांतल्या प्रत्येकाचं पाणी कुठून येतं हे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तो माणूस उचलून डब्यात ठेवायचा.

गावात तरुण मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा असते, पाडव्याला परीक्षण होतं. परीक्षक ठरलेले. अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि बाजारपेठेतले खत-बियाण्यांचे व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठचं घराणं मूळ राजस्थानातलं, जैन. आता बोलणं आमच्याइतकंच मराठी. बक्षिसं ते देतात. मुलांनी माझा गृहपाठच स्पर्धेत उतरवला. मला ते आधी माहीत नव्हतं. पाडव्याला मी गर्दीत उभा राहून परीक्षण पाहिलं.

वरच्या आळीतल्या मुलांचा किल्ला पाहण्यासारखा होता. सिमेंटचे बुरूज, हळीव पेरून केलेली हिरवळ, बाजारातून आणलेले रंगीत मावळे, आणि तटावरून फिरवलेली लुकलुकणारी दिव्यांची माळ.

“पाणी?” मुख्याध्यापकांनी माझी अट ऐकली असावी.

“ही टाकी, सर.” एका मुलाने निळा कागद चिकटवलेला खड्डा दाखवला.

“कोण भरतं?”

“भरल्यालीच असती.”

त्याला ते खरंच तसं वाटत होतं. त्याच्या घरी टाकी भरलेलीच असते.

खालच्या वस्तीतला किल्ला ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला होता. चौघींनी केलेला. माती तांबडी, नुसती थापलेली. दिवे नव्हते, बाजारातले मावळे नव्हते. माणसं त्यांनी स्वतः मातीची केली होती, चेहरे नसलेली. गडाच्या माथ्यावर टाकं होतं, प्लास्टिकच्या वाटीचं. टाक्यातून तीन काळ्या नळ्या निघून गडाच्या अंगावरून खाली आल्या होत्या. ठिबकच्या नळ्या. प्रत्येक नळीला ठिबकचा छोटा कॉक होता आणि टाक्याजवळ एक मातीचा माणूस उभा होता.

अध्यक्ष वाकून बघू लागले. “ह्यो कोन?”

“व्हॉल्व्हवाला,” गणितातली ती मुलगी म्हणाली.

लोक हसले. शेठ मोठ्याने हसले आणि म्हणाले, “नळी तर आपल्याच दुकानातली दिसतेय की राव.”

“फाटलेल्या व्हत्या. मम्मी कामाला जाती तिथं वावराच्या बांधावर पडल्या व्हत्या.”

तिची आई अध्यक्षांच्याच टोमॅटोत कामाला जात होती. ते गर्दीतल्या बहुतेकांना माहीत होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, “बाळ, त्या काळात व्हॉल्व्ह नव्हते.”

मुलगी गोंधळली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण अशी चूक होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शहरातल्या मुलाने गडावर नळ दाखवला असता. नळाच्या मागे, पाणी आपल्याकडे येऊ द्यायचं की नाही हे हातात असलेला माणूस उभा करणं शहरातल्या मुलाला सुचलं नसतं.

“मग गडावर पाणी कोण सोडायचं?” तिने विचारलं.

“कोणी नाही. लोक टाक्यावर जाऊन भरायचे.”

“कवाबी?”

“हो.”

“कुनीबी?”

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. शेठ खाली वाकले होते. गडाच्या पायथ्याशी, तिसऱ्या नळीच्या तोंडाशी, मातीच्या बायकांची दाटी होती. वरच्या दोन नळ्यांशी एकेक. “इथंच येवढ्या कशापायी गं?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांच्या घरी बोअर आहे.

“पानी थोडाच येळ येतं ना. साडेधाला.”

“आन् ही कौलाची काय?”

“शाळा.”

“ती किती वाजता भरती?”

“साडेधाला.”

मागून कोणीतरी बाई फिसकन हसली. मग आणखी दोघी. हे हसणं पहिल्यासारखं नव्हतं. अध्यक्ष सरळ उभे राहिले.

“हे कुनी शिकवलं तुमाला?”

चारी मुलींनी गर्दीत माझ्याकडे पाहिलं.

अध्यक्षांनी सगळ्यांदेखत निकाल दिला. तो मी शब्दशः लक्षात ठेवला आहे. “शिवकाळात पलॅस्टिक नव्हतं. ह्यो किल्ला बाद.”

“मग लायटी व्हत्या व्हय?” मुलगी म्हणाली.

त्यावर जो हशा पिकला तो अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही.

“गुरुजी, तुमी आंबेगावचे ना? डिंभ्याच्या धरणातले?”

मी हो म्हटलं. आमचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे.

“तुमचं गाव पान्यात गेलं म्हनून आमच्या पान्यात हात घालाया आलात काय?”

पहिलं बक्षीस सिमेंटच्या किल्ल्याला मिळालं. चौघींच्या किल्ल्याला कोणी हात लावला नाही, कोणी मोडलाही नाही. भाऊबीजेनंतर दव आणि कोंबड्या यांनी तो खाली बसवला.

सुट्टी संपली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. समोर नवं वेळापत्रक होतं, रेघा सरळ, चार रंगांत.

“तुमची अडचण होती ना, त्या मुलींचा पहिला तास बुडतो म्हणून?”

“हो.”

“सोडवली. इतिहास शेवटच्या तासाला नेला. आता त्यांचा इतिहास बुडणार नाही.”

“पहिल्या तासाला काय?”

“गणित. आणि सातवीचं वर्गशिक्षकपदही गणिताच्या सरांकडे दिलंय. हजेरी तेच घेतील. तुम्हाला तेवढा वेळ मोकळा मिळेल, उपक्रमांना.”

त्यांना मी सांगितलं की ती मुलगी सेमीसाठी धडपडते आहे. आता हजेरी तर नाहीच, गणितही जाईल.

“सेमी सगळ्यांसाठी नसते,” ते म्हणाले आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

त्या दिवसापासून मुलगी रोज उशिरा येऊन गणिताचा तास संपताना दारात उभी राहू लागली. गणिताचे सर तिला आत घेत नसत. ‘तास संपल्यावर’ हा त्यांचा नियम. फळ्यावरचं गणित ती दारातून उतरवून घ्यायची, वही भिंतीला लावून. मुलं तिला ‘गडाखालची’ म्हणत. “ए गडाखालची, पानी सुटलं का?” ती म्हणायची, “सुटलं ना. तोंड धू.”

तिची आई दुसऱ्यांदा शाळेत आली ती माझ्याशी बोलायला नव्हती. मी व्हरांड्यात भेटलो म्हणून बोलली.

“आधी इतिहास बुडत व्हता. त्याचं काय नव्हतं. आता गनित बुडतंय. लई उपकार झाले तुमचे.”

“मी वेळापत्रक बदललेलं नाही.”

“किल्ला तुमीच सांगितला व्हता ना?” ती म्हणाली. “मला त्यांनी कामावरनं दोन दीस घरी बसवली, किल्ल्यापायी. तुमाला कुनी बसवलं?”

मला कोणी बसवलं नव्हतं.

नाताळच्या आधी सातवीची गणिताची घटक चाचणी झाली. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर पेपर तपासत होते. एक पेपर त्यांनी दोनदा तपासला, मग टेबलावर आपटला. वर्गात पहिली येणारी मुलगी मधल्या घोळक्यात गेली होती. त्यांनी कोणाला उद्देशून नाही, पण मोठ्याने सांगितलं की आठवीच्या सेमीला गणितात दाखवण्यासारखी त्यांच्याकडे एकच पोर होती आणि ती आता दारात उभी राहून भूमिती शिकते आहे. “दहावीच्या निकालाला मान खाली कोणाची जाणार? संपादकांची?”

“तिला आत घ्या की मग,” मी म्हटलं.

“उशिरा आलेल्याला? एकीला घेतलं की उद्या निम्मा वर्ग उशिरा येईल.”

“मग ती वेळेवर यायला हवी.”

“हवीच.”

त्या आठवड्याच्या शेवटी ते बहिणीकडे गेले. तिथे काय बोलणं झालं हे मला त्यांनीच सांगितलं. उपकार केल्यासारखं नव्हे, माझं कमीपण दाखवायला. अध्यक्ष ओसरीवर होते. बहिणीने चहा आणला. गणिताचे सर म्हणाले, “दाजी, खालच्या वस्तीचं पाणी शाळेच्या टायमाला कशाला सोडता? माझा निकाल जातो.” अध्यक्षांनी विचारलं, “कवा सोडू मग?” सर म्हणाले, “मला काय, शाळा सुटताना सोडा.” एवढंच.

“तुम्ही त्यासाठी आख्खी दिवाळी घालवली,” ते मला म्हणाले. “गावासमोर माणसाची अब्रू काढलीत. मी एक चहा घेतला.”

“पण साडेदहाची वेळ चुकीची होती, हे त्यांना पटलं का?”

“पटवायचं कशाला? पाणी फिरलं ना?”



जानेवारीत पाण्याची वेळ बदलली. खालच्या वस्तीला आता साडेचारला पाणी येतं. वर्षानुवर्षं जे बदलत नव्हतं ते बदललं आणि गावात त्याची चर्चाही झाली नाही. खालच्या वस्तीत कोणी अध्यक्षांचे आभार मानले नाहीत, अध्यक्षांनीही ती अपेक्षा दाखवली नाही. चौघी पहिल्या तासाला येऊ लागल्या. कोरड्या. ती मुलगी पहिल्या बाकावर बसली. तिथे आधी बसणाऱ्या मुलीला तिने काय सांगून उठवलं ते मला माहीत नाही.

शेवटचा तास साडेचारला सुरू होतो. शेवटचा तास इतिहासाचा आहे.

ही वेळ वेळापत्रक बघून ठरवली होती का, याचा माझ्याकडे पुरावा नाही. म्हणून तसं म्हणत नाही. मुख्याध्यापकांनी चौघींना शेवटच्या तासाला घरी जायची तोंडी परवानगी दिली. हजेरी सकाळीच झालेली असे, त्यामुळे कुठल्याच नियमाला धक्का लागत नव्हता. साडेचारची घंटा झाली की मी वर्गात शिरायचो आणि चौघी बाहेर पडायच्या. दारात रोज गाठ पडे.

मी उपक्रम चालू ठेवले. स्वराज्यातली जकात शिकवताना जवळच्या नाणेघाटातला, जकात टाकायचा जुना दगडी रांजण उदाहरणाला घेतला आणि वर्गाच्या दाराला जकात नाका केला. अर्धी मुलं व्यापारी, अर्धी जकात घेणारी. घाट चढून माल आणणाऱ्यांनी वाद घातला, एकाने खोटं वजन सांगितलं, दुसऱ्याने ते पकडलं. तो तास उत्तम झाला. मी शिकवलेल्या तासांत तो पहिल्या दोन-तीनांत धरेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. गणिताचे सर होते, तरी ती माझ्याकडे आली.

“सर, काल काय झालं?”

“नाणेघाट. जकात.”

“वही मागितली मी. कुनाच्याच वहीत काय नाय.”

“आपण खेळून शिकलो.”

“आमी नव्हतो.”

“माहीत आहे.”

“गनिताचं मैत्रिनीच्या वहीतनं उतरवून घेता येतं. विज्ञानाचं येतं. तुमचं कसं उतरवायचं? तुमचं जो हाय त्यालाच कळतं.” ती हे चिडून बोलली नाही. गणितातली अडलेली पायरी दाखवावी तसं बोलली. “परीक्षेत तर समद्यांना इचारनार. सेमीला सगळ्या इषयांत पास पायजे. तुमी लिहून द्या की सर, दुसरे देत्यात तसं.”

गणिताच्या सरांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. पण पानही उलटलं नाही.

दुपारी मी तिच्यासाठी वेगळी टिपणं काढायला बसलो. मग लक्षात आलं की चौघींना वेगळी टिपणं दिली की पुन्हा त्या वेगळ्या. वर्गाच्या वहीत जे नाही ते त्यांच्या वहीत, म्हणजे गडाखालच्यांचा इतिहास निराळा. तो कागद मी फाडला.

त्या दिवशी शेवटच्या तासाला चौघी गेल्यावर मी फळा पुसला, तारीख घातली आणि प्रश्न पहिला लिहिला. त्याखाली ‘उत्तर’ लिहून रेघ मारली. मग बाकांची झाकणं वाजली आणि वह्या निघाल्या. मुलं आनंदाने लिहीत होती. एकाने शेजाऱ्याला सांगितलं, “आता खरं सुरू झालं.” तास शांत होता. भिंतीवर डस्टर आपटलं नाही.

मुख्याध्यापक फेरीला आले होते. खिडकीशी थांबले. फळा वरपासून खालपर्यंत भरलेला होता.

“आता कसं,” ते म्हणाले.

वर्षअखेरीपर्यंत मी तसंच शिकवलं. माझ्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. पालक सभेत एका वडिलांनी उठून सांगितलं की इतिहासाचे सर सुधारले. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनीही वाजवल्या. चौघी मधल्या सुट्टीत डबे बाजूला सारून दुसऱ्यांच्या वह्यांतून उतरवून घेत. एप्रिलमध्ये ती मुलगी सेमीला निवडली गेली; तिची हजेरी गणिताच्या सरांनी जानेवारीपासूनची धरायला लावली. बाकीच्या तिघी नाही, त्यांचं गणित तेवढं नव्हतं.

परीक्षेआधी मधल्या सुट्टीत ती एक प्रश्न विचारायला आली होती. गडावरील पाण्याची व्यवस्था. मी फळ्यावर दिलेलं उत्तर तिने स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं. कातळात खोदलेली टाकी, पावसाचं पाणी साठवणं, वर्षभर पुरवणं.

“सर, यात पानी कुनाच्या हातात व्हतं ते नाय.”

“पुस्तकात नाही.”

“लिहिलं तर मार्क जातील?”

“जाणार नाहीत. मिळणारही नाहीत.”

घंटा झाली.

“मग नको,” ती म्हणाली, वही मिटली आणि पळाली. पुढचा तास गणिताचा जादा तास होता.